मांजरशेपटी माजलीये, पण तुरे बोटभरच

प्रश्न: लाल लोंबत्या तुऱ्यांची मांजरशेपटी म्हणजे अकॅलिफा हिस्पिडा १० इंची कुंडीत आहे. पूर्वेची गॅलरी, सकाळी दोन तास ऊन. पानं तळहाताहून मोठी, गर्द हिरवी. तुरे मात्र बोटभर, तेही टोकाकडून तपकिरी पडतात. दर पंधरवड्याला चमचाभर युरिया देणं चालू आहे. काय चुकतंय? आणि रोपं कशी करायची?

उत्तर १: युरिया आजच बंद करा. त्यातलं नत्र जास्त झालं की सगळा जोर पानांत जातो. ऊनही कमी पडतंय, चार-पाच तास हवं. फक्त एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हापासून जपा. तुरा निघतो नव्या फुटीवर, पानाच्या बगलेतून. म्हणून जून लागला की प्रत्येक फांदी वरून एक तृतीयांश छाटा. नवी पानं आली की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, ओल्या मातीतच. वाळलेले तुरे देठाशी कापत राहा. जोमातल्या झाडाचा तुरा फूटभर सहज होतो.

उत्तर २: टोकं करपतात ती बहुतेक पाण्याच्या ओढीने. एवढ्या पानांना १० इंची कुंडी दुपारपर्यंतही पुरत नाही. १४ इंची घ्या. माती २ भाग, गांडूळखत १, कोकोपीट १. ताटलीत पाणी साचू देऊ नका, मुळं कुजतात. पान उलटून बघा: बारीक पिवळट ठिपके, कोळिष्टकासारखं जाळं दिसलं तर लाल कोळी ही बारीक कीड. आधी खालून पाण्याचा जोरदार फवारा. हटला नाही तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, १ मिली साबण, संध्याकाळी. तुऱ्यांवर नको, मखमल चिकटून बसते.

उत्तर ३: बी शोधू नका. बागांतली झाडं सगळी मादी, म्हणून बी धरत नाही. ते लाल धागे पाकळ्या नव्हेत, कुक्षीवृंत, म्हणजे मादी फुलाचे परागकण झेलणारे भाग आहेत. पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड, १०-१२ सेंमी फांदी घ्या, तुरा नसलेली. खालची पानं काढा, वरची दोन अर्धी कापा, कोकोपीट-वाळूत सावलीत लावा, वर पिशवी झाका. तीन-चार आठवड्यांत मुळं. हातमोजे घाला, रसाने खाज सुटते. मुलं-जनावरं पानं चघळणार नाहीत हे बघा.

प्रश्नकर्ता: आता ऑक्टोबर आहे. छाटू का?

उत्तर १: नको. थंडीत फूट मंदावते. आत्ता कुंडी बदला, उन्हात सरकवा, कात्री जूनमध्ये.