दारूच्या भावाचं खापर एकट्या करावर?

गंगापूररोडकर: कालच्या धाग्यात तर्कटराव लिहून गेले, "दारू महाग ती निव्वळ एक्साइजमुळे, म्हणजे उत्पादन शुल्कामुळे, परवान्यांचा काडीचा संबंध नाही." डोकं फिरलं. अहो, वाइन शॉपचे नवे परवाने सत्तरच्या दशकापासून बंद! नाशिक तेव्हा केवढं, आज पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत पसरलंय. जुने परवाने कोटींच्या भावात हात बदलतात, ते पैसे गिऱ्हाइकाकडूनच निघणार ना? आमच्याकडे गार बियर मागितली की छापील किमतीवर दहा रुपये वर. का विचारलं तर म्हणे, "मग गरम न्या." समोर दुसरं दुकान असतं तर ही भाषा निघाली असती?

तर्कटराव: दहा रुपयांवर अर्थशास्त्र! 10 जून 2025 ला देशात बनणाऱ्या स्वस्त विदेशी मद्याचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. 180 मिलीच्या क्वार्टरची किमान किंमत 205 रुपये सरकारनेच ठरवली. गल्लीत दहा दुकानं काढा आणि 204 ला देऊन दाखवा. वर हरसूल-पेठच्या वाटेने दमणचा स्वस्त माल येतो, तो परवाने कमी म्हणून येतो का?

गंगापूररोडकर: बरं, क्वार्टरचं मान्य. शाल-श्रीफळ पाठवतो. पण बियरचे दहा?

तर्कटराव: बिल जोडून वैधमापनवाल्यांकडे, म्हणजे वजन-मापं नि छापील किंमत तपासणाऱ्या खात्याकडे, तक्रार करा.

गंगापूररोडकर: बिल मागितलं तर तो माझ्याकडे पिण्याचा परवाना मागेल!

निफाडकर बागाईतदार: क्वार्टरवर काय भांडताय? 27 जानेवारी 2022 ला सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला. 'मद्यराष्ट्र' म्हणून ओरड झाली, निर्णय बासनात. वाइन शॉपवाल्याचा हात व्हिस्कीवर. आमच्या द्राक्षांच्या वाइनची बाटली वरच्या फळीवर धूळ खात, दुपारच्या उन्हात तापत. मग गिऱ्हाईक म्हणतं, आंबट लागते.

सिडकोची वहिनी: लागू दे आंबट. माझे मोठे दीर लिव्हरने गेले. घरचा किराणा तेच आणायचे. साखरेशेजारी बाटली दिसली असती तर अजून दोन वर्षं आधी गेले असते.

निफाडकर बागाईतदार: वाईट वाटलं ताई. पण किराणा दुकानात नव्हतंच ते, 100 चौरस मीटरच्या वरच्या दुकानांत, वेगळ्या कपाटात.

सिडकोची वहिनी: कपाट उघडतं ना? द्राक्षं विकायचीत तर बेदाणे करा.

निफाडकर बागाईतदार: वाइनच्या द्राक्षाचे बेदाणे?? बारका मणी, जाड साल, आत बिया. बाजारात फुकट कोणी नेत नाही. करारवाल्या कंपनीने यंदा कमी उचलतो म्हटलं की बाग तोडायची, दुसरं काय? शहरात बसून सल्ले देणं सोपंय. या एकदा मळ्यात.

तर्कटराव: विषय किरकोळ भावाचा होता.

निफाडकर बागाईतदार: तुम्ही गप्प बसा हो, तुमचे 205 झाले सांगून.

सिडकोची वहिनी: येते ना मळ्यात. तुमच्या गावात दारूबंदीचं, आडव्या बाटलीचं मतदान लागलं की नक्की येते.