समुद्राकडचा रस्ता उताराचाच असतो का? (अनुभव धागा)

नकाशावर समुद्राकडे जाणारा रस्ता पाहिला की मनात एक साधा हिशेब येतो : निघायचे ते ठिकाण समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर उंच, पोहोचायचे ते शून्यावर, म्हणजे एकूण सगळा उतारच. टेकड्यांच्या मुलखातून जाणारा ९० किलोमीटरचा असा रस्ता मी पहिल्यांदा सायकलने धरला, तेव्हा याच हिशेबाच्या भरवशावर निघाले होते. लाटांचा आवाज कानावर आला तेव्हा हँडलवरच्या यंत्रात ११०० मीटर चढाई नोंदली गेली होती, आणि कागदावर सर्वांत सपाट दिसणाऱ्या शेवटच्या २० किलोमीटरांनी मला सर्वांत जास्त दमवले होते. असे का होते, मार्ग कसा निवडावा आणि कुठे चुकते, याबद्दल आपापले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती. वेगाचे विक्रम नकोत.

चढाईचे उत्तर मला नद्यांमध्ये सापडले. नदी समुद्राकडे वाहते, त्यामुळे तिच्या खोऱ्यातून तिच्या सोबतीने जाणारा रस्ता बहुतेक वेळा हलक्या उताराचा असतो. दोन खोऱ्यांमधल्या डोंगरसोंडेच्या माथ्यावरून जाणारा रस्ताही एकदा वर चढवला की मग फारसा छळत नाही. मी निवडलेला रस्ता मात्र खोऱ्यांना तिरका छेद देत होता, म्हणून प्रत्येक ओढ्यापाशी खाली आणि प्रत्येक सोंडेवर पुन्हा वर, असे दिवसभर चालले. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या रस्त्यांचीही हीच गत असते : खाडीवरच्या पुलापर्यंत उतरायचे आणि पलीकडे तेवढेच चढायचे. आता मार्ग ठरवताना मी आधी नकाशावरच्या निळ्या रेषा पाहते आणि रस्ता त्यांना किती वेळा ओलांडतो ते मोजते.

* * *

तुमच्या शेवटच्या २० किलोमीटरांचे उत्तर बहुधा वाऱ्यात आहे. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, पण ते कधी छातीवर घ्यावे लागतील असे वाटले नव्हते. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. सकाळ उलटून गेल्यावर सुरू होणारा हा खारा वारा दुपारी सर्वांत जोरात असतो. आपण नेमके त्याच वेळी किनाऱ्याजवळ पोहोचतो.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे मी वाचले होते. पटले ते त्या दुपारी. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा आला, तर अंगावर येणारी हवा ताशी ४० किलोमीटरची होते आणि तिचा रोध अडीच पटींहून अधिक वाढतो. सपाट रस्ता मग चढासारखा वागतो, आणि चढाला निदान माथा तरी असतो. तेव्हापासून मी उजाडताना निघतो. त्या वेळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा हलका मतलई वारा असला तर तो पाठीशी असतो, आणि दुपारी परत फिरताना खारा वाराही पाठीशीच येतो. ढगाळ दिवशी, किंवा वेगळ्या दिशेचा मोठा वारा सुटलेला असताना, हे गणित अर्थातच कोलमडते.

* * *

लाटांसारख्या चढउतारांबद्दलचा माझा गैरसमज सविस्तर लिहितो, कारण तो मी बरीच वर्षे जपला. उतारावर जोर लावून वेग घ्यायचा आणि त्या वेगावर पुढचा चढ पार करायचा, अशी माझी पद्धत होती. एका राईडमध्ये लागोपाठ चौदा टेकड्या होत्या. पहिल्या पाच मी अशाच पार केल्या, आठवीवर मांड्यांत पेटके आले आणि अकरावीवर मी सायकल हातात धरून चालत होतो.

घरी येऊन आकडेमोड केली. हवेचा आणि टायरचा रोध अजिबात नाही असे धरले, तरी ताशी ४० किलोमीटरचा वेग सायकलस्वाराला फक्त सुमारे ६.३ मीटर उंच नेऊ शकतो. ताशी ५० चा वेग १० मीटरांच्या जरा आत. म्हणजे पाच-सहा मीटरांचा उंचवटा वेगावर निघून जातो, पण तीस मीटरांच्या टेकडीचा बहुतेक भाग पायांनीच चढावा लागतो. मी उतारावर, जिथे जास्तीची ताकद बव्हंशी हवेशी झुंजण्यात जाते, तिथे दमत होतो आणि जिथे खरी गरज होती तिथे रिकाम्या हातांनी पोहोचत होतो.

आता उतारावर पाय हलके फिरवत राहतो, चढ सुरू होण्याआधीच गिअर उतरवतो (चढावर ताण देत चेन सरकवली की ती कुरकुरते, कधी उतरतेही) आणि पहिल्या तीन टेकड्या मुद्दाम कंटाळवाण्या वेगाने चढतो. पुढचे ३४ दातांचे चक्र तेच ठेवून मागचे सर्वांत मोठे चक्र २८ ऐवजी ३४ दातांचे करून घेतले. सायकलसह ८५ किलो वजन धरले, तर १० टक्के चढावर पायडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या ठेवायला नुसत्या चढाईसाठी आधी सुमारे २१० वॉट लागत. आता १७५ च्या आसपास लागतात. मोठ्या दातांचे चक्र हे कमकुवत सायकलस्वाराचे लक्षण मानणारे काही मित्र आहेत. चौदाव्या टेकडीवर त्यांच्याशी या विषयावर बोलायला मला आवडेल.

* * *

माझा अनुभव छोटा आहे. किनाऱ्याच्या अलीकडच्या शेवटच्या वळणावर वाऱ्याने आणलेली वाळू डांबरावर पसरली होती. रंग सारखाच असल्याने ती दिसली नाही, आणि वळणात पुढचा ब्रेक दाबताच चाक निसटले. कोपर सोलवटले, हेल्मेट तडकले. आता वेग वळणाआधीच कमी करते आणि वळणात ब्रेकला हात लावत नाही.

* * *

चढाईच्या आकड्यांवर फार विसंबू नये, असे मला सुचवायचे आहे. एकदा मी पुळणीवर उभा होतो आणि माझे यंत्र मला समुद्रसपाटीच्या २४ मीटर खाली दाखवत होते. त्यातला उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो, आणि समुद्रसपाटीजवळ दाबात एका हेक्टापास्कलचा फरक म्हणजे उंचीत सुमारे आठ मीटरांचा फरक होतो. सकाळपासून दाब तीन हेक्टापास्कलांनी वाढला होता, एवढेच. नकाशांवरून काढलेल्या चढाईचे दुखणे वेगळे आहे : जमिनीची उंची ठरावीक अंतराच्या चौकटींत मोजलेली असल्याने लहान उंचवटे त्यात बुजून जातात, तर दरीवरचा पूल मात्र खाली उतरून वर चढणारा रस्ता समजला जातो.

* * *

किनाऱ्यावर आठवड्याला एकदा जाणाऱ्यांसाठी एक सूचना, जी मला उशिरा मिळाली. खारट हवेने चेनवर गंज धरला तर तो दिसतो, म्हणून मी चेन नियमित पुसत होते. पण पोलादी फ्रेमच्या आत बसलेल्या ॲल्युमिनियमच्या सीटच्या दांड्याकडे वर्षभर लक्ष गेले नाही. दोन वेगळे धातू आणि मधे खारा ओलावा, म्हणजे विद्युत-रासायनिक गंज आलाच. सीट थोडी खाली घ्यायची म्हटले तर दांडा जागचा हलेना, शेवटी तो कापून काढावा लागला. आता परतल्यावर साध्या पाण्याने सायकल धुते (पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगांवर मारत नाही), कोरडी करून चेनला तेल देते, आणि दांडा दर दोन महिन्यांनी बाहेर काढून ग्रीस लावून बसवते.

* * *

मी समुद्रापर्यंत गेलोच नाही, तरी लिहितो. शेवटच्या कड्यावर पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. खाली पाणी चकाकत होते आणि मधे चार किलोमीटरांत २८० मीटर उतरणारा रस्ता होता. उतरायला दहा मिनिटेही लागली नसती. परत तेवढेच चढायला, माझ्या उरलेल्या १५० वॉटांत, नुसत्या गुरुत्वाकर्षणाचा हिशेब धरला तरी पंचवीस मिनिटांहून जास्त, आणि पुढे ६० किलोमीटर घर. एक बाटली रिकामी होती. मी कठड्याला सायकल टेकवून वीस मिनिटे बसलो, दुसऱ्या बाटलीतले अर्धे पाणी प्यालो आणि सायकल वळवली. वर वर्णन केलेला खारा वारा तेव्हा कड्यावरून चढून येत होता. पहिले काही किलोमीटर त्याने मला चक्क ढकलत नेले.