यिर्मया २९:११ सुटं वाचायचं की आख्खं पत्र वाचायचं?

वेलीची_फांदी
जय ख्रिस्त मंडळी. नवीन वर्षाची भक्ती जवळ आली की वचनकार्डं छापायला जातात, आणि त्यातलं एक कार्ड ठरलेलंच असतं: ‘तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत.’ दहावीचा निकाल असो, व्हिसा असो, ऑपरेशन असो, हेच वचन हातात दिलं जातं. माझं स्पष्ट मत आहे की ते असं सुटं वाटणं थांबवावं.

हे वाक्य एका पत्रातलं आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून राजा, राजमाता, सरदार, कारागीर, लोहार अशा लोकांना धरून बाबेलला नेलं. त्यांना यिर्मया संदेष्ट्याने हे पत्र पाठवलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, सगळ्यांदेखत, बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं जू काढून मोडतो आणि जाहीर करतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया लिहितो ते अगदी उलट: घरं बांधा, त्यांत राहा, मळे लावा, त्यांची फळं खा, मुलामुलींची लग्नं लावा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. दहाव्या वचनात सत्तर वर्षं येतात. त्यानंतर अकरावं.

म्हणजे पत्र ऐकणाऱ्या चाळिशीतल्या लोहाराला कळून चुकलं असणार की आपण बाबेललाच मरणार. आणि ‘माझे संकल्प हिताचे’ हे त्यालाही सांगितलं जातंय. दहावं वचन गाळून अकरावं वाचलं की यिर्मयाच्या तोंडी हनन्याचा निरोप येतो.

कृपाछाया
ताई, तुमचा अभ्यास मान्य, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही. माझ्या सासूबाईंच्या केमोच्या दिवसांत हेच कार्ड त्यांच्या उशाखाली असायचं. त्यांना वाचता यायचं नाही, नबुखद्नेस्सर कोण तेही ठाऊक नव्हतं. आम्ही म्हणून दाखवायचो आणि त्या डोळे मिटून ‘आमेन’ म्हणायच्या. त्यांचा विश्वास चुकीच्या वाचनावर उभा होता असं तुम्ही म्हणणार का?

दुसरं म्हणजे, पवित्र शास्त्र स्वतःच वचन असं उचलतं. ‘मी तुला सोडून जाणार नाही, तुला टाकणार नाही’ हे देव मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याला म्हणाला, यार्देन नदी ओलांडायच्या तोंडावर. इब्री १३:५ मध्ये तेच अभिवचन सगळ्या विश्वासणाऱ्यांना दिलंय. तिथे कुठे यार्देन आहे? एकाला दिलेला शब्द देव दुसऱ्यालाही देतो, म्हणून तर शास्त्र जिवंत आहे.

माळावरचा_मेंढपाळ
कृपाछायाताईंशी सहमत. संदर्भ संदर्भ करत बसलं तर शास्त्र फक्त सेमिनरीत शिकलेल्यांचं होईल.

लोणार_७७
मी तरुणसंघाचं काम बघतो, तिथलं सांगतो. आमच्या पोरांच्या टी-शर्टवर फिलिप्पै ४:१३ असतं: ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे.’ मॅच असली की हेच, स्पर्धा परीक्षेलाही हेच. मॅच हरलो की एखादा हमखास विचारतो, माझा विश्वास कमी पडला का? या प्रश्नाने मुलं आतून खचतात, म्हणून मी वेलीची_फांदी यांच्या बाजूने आहे.

बाराव्या वचनात हे पत्र लिहिणारा पौल सांगतो की तृप्त असणं आणि भुकेलं असणं, दोन्ही तो शिकलाय. तो कैदेत आहे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवलीय, तिची तो पोच देतोय. तो एपफ्रदीत वाटेत किंवा तिथे पोचल्यावर मरणाच्या दारी गेला होता, तेही याच पत्रात आहे (२:२७). चौदाव्या वचनात पौल म्हणतो, माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगलं केलंत. ‘सर्वकाही’मध्ये उपाशी राहणंही येतं, दुसऱ्याची मदत घेणंही येतं. हरलेल्या पोराला हे सांगितलं की त्याच्या खांद्यावरचा भार उतरतो, हे मी पाहिलंय.

वेलीची_फांदी
कृपाछायाताई, सासूबाईंच्या विश्वासाबद्दल मी एक शब्दही काढणार नाही. देवाने त्यांना त्या वाक्यातून धीर दिला असेल तर त्याला अडवणारी मी कोण? माझं म्हणणं आम्हा कार्ड वाटणाऱ्यांबद्दल आहे.

इब्रीचा मुद्दा वजनदार आहे. पण तिथे त्या अभिवचनाच्या आधी काय आहे ते बघा: द्रव्यलोभ नको, जवळ असेल तेवढ्यात समाधानी राहा. यहोशवाला मिळालेली देवाची सोबत तो लेखक सगळ्यांना देतो, यहोशवाचा विजय देत नाही. आणि यिर्मयाचं म्हणाल, तर बाबेलला नेलेल्यांपैकीच असलेल्या दानीएलाने याच संदेष्ट्याचं लिखाण वाचलं (दानीएल ९:२). त्याच्या नजरेत भरली ती सत्तर वर्षं. मग त्याने उपास केला, गोणपाट नेसला आणि स्वतःच्या लोकांच्या पापांची कबुली दिली.

एक गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते. हे पत्र बाबेलला पोचल्यावर सगळ्यांना गोड लागलं नव्हतं. त्याच अध्यायाच्या शेवटी शमाया नावाचा माणूस तिथून यरुशलेमेतल्या सफन्या याजकाला उलट लिहितो: हा यिर्मया ‘अजून पुष्कळ काळ लागेल, घरं बांधा’ असं आम्हाला कळवतोय, याला तुम्ही अटकाव का केला नाही? ज्या पत्रावर तक्रार गेली, त्यातलं एकच वाक्य आपण फुलांच्या चित्रावर छापतो. मला याचं खरोखर वाईट वाटतं.

आणि मेंढपाळदादा, संदर्भ म्हणजे सेमिनरी नव्हे. चौथ्यापासून चौदाव्या वचनापर्यंत मोठ्याने वाचायला दोन-तीन मिनिटं लागतात. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ते ऐकून समजतं, कारण त्यात घर, मळा, लग्न, लेकरं आहेत.

कृपाछाया
शमायाचं मी कधी उपदेशात ऐकलं नव्हतं, घरी काढून वाचलं. तरी माझं मत कायम आहे. मत्तय २:१५ बघा. ‘मिसर देशातून मी आपल्या पुत्राला बोलावले’ हे होशेय ११:१ मध्ये इस्राएलाबद्दल आहे, आणि लगेच पुढे लोक बआलमूर्तींच्या मागे लागल्याची तक्रार आहे. मत्तय ते बाळ येशूला लावतो. तुमची कसोटी मत्तयाला लावली तर तो नापास होईल.

लोणार_७७
मत्तय तिथे इस्राएलाची आख्खी गोष्ट येशूमध्ये पुन्हा घडताना दाखवतोय: मिसर, मग पाणी, मग रान. त्याला होशेय पाठ होता. आणि त्याच मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान स्तोत्र ९१ म्हणून दाखवतो, ‘देवदूत तुला झेलतील’. शब्द शास्त्रातलेच आहेत, फक्त मंदिराच्या शिखरावरून उडी मारायला लावण्यासाठी वापरलेत. येशू त्याला ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकातल्या वचनाने थांबवतो.

कृपाछाया
उशाखालच्या कार्डाची तुलना सैतानाशी नको, एवढी विनंती.

लोणार_७७
तसा अर्थ निघाला असेल तर मनापासून क्षमस्व. सासूबाईंचा मला आदरच आहे. माझा रोख व्यासपीठावरून ‘यंदा प्रमोशन नक्की’ सांगणाऱ्यांवर होता.

वेलीची_फांदी
तो रोख माझाही आहे. यंदा आमच्या मंडळीत मी पाळकांकडे मागणी ठेवली आहे: कार्डाच्या पुढच्या बाजूला अकरावं वचन राहू दे, मागच्या बाजूला बारीक टायपात ४ ते १० छापा. छपाईचा जादा खर्च मी देते म्हटलंय. अजून होकार आलेला नाही.

कृपाछाया
तसं कार्ड निघालं तर मलाही पाठवा. आजाऱ्याजवळ बसून मी आधी पुढची बाजूच वाचेन, हे मात्र आत्ताच सांगते.