एकट्या राहणाऱ्यांना सीनियर सोसायटीचे मेंबरशिप नियम न्याय देतात का?

प्रश्न:
मी निवृत्तांच्या सोसायटीत राहते, लग्न केलेलं नाही. आमच्याकडे क्लबची फी घरामागे आहे, म्हणजे जिम, पूल, लायब्ररी सगळ्याची मिळून एकच, जोडप्याला जेवढी तेवढीच मला, पण त्यांना दोन कार्डं मिळतात आणि मला एक. दुसरं कार्ड फक्त नवरा किंवा बायकोसाठी असं ऑफिसवाले म्हणतात. माझी बहीण बऱ्याचदा माझ्याकडे राहायला असते, तिला दर वेळी गेस्ट पास आणि त्याचे वेगळे पैसे. मेंटेनन्सबद्दल तक्रार नाही, पण हे मला अजिबात पटत नाही. तुमच्याकडे कसं आहे?

प्रतिसाद १:
मी कमिटीवर होतो म्हणून सांगतो. सिक्युरिटी, लिफ्ट, बाग, बिल्डिंगचा विमा हा खर्च घरात एक माणूस असो की दोन, तेवढाच येतो, त्यामुळे तो घरामागे घेणं बरोबरच आहे. जेवण, नर्सिंग, कपडे धुणं हे माणशी. क्लब वापरतं माणूस, घर नाही, मग एकतर माणशी फी घ्या नाहीतर प्रत्येक घराला दोन कार्डं द्या आणि दुसरं कार्ड कोणाच्या नावावर करायचं ते त्या घराला ठरवू द्या. तुमच्याकडून पूर्ण फी घेऊन वर गेस्टचेही पैसे घेतात हे चूकच.

प्रतिसाद २:
आमच्याकडे मिस्टर गेल्यावर त्यांचं कार्ड लगेच बंद केलं, फी मात्र होती तेवढीच राहिली. तेव्हा कुठे भांडणार, सही करून मोकळी झाले. पण त्याहून मोठी गोष्ट वयाच्या अटीची आहे. जोडप्यातला एक अटीत बसत असला की दुसरा लहान असला तरी चालतो, आणि माझी धाकटी बहीण माझ्यासोबत कायमची राहायला येते म्हणाली तर ती वयात बसत नाही म्हणून नाही. सोबतीची गरज काय फक्त लग्न झालेल्यांनाच असते का? नवीन कुठे घर बघत असाल तर हा नियम आधी लेखी विचारून घ्या, तोंडी सगळे हो म्हणतात.

प्रतिसाद ३:
वरच्या दोघांशी सहमत, आणि एक राहिलंच, ते जामीनदाराचं. काही ठिकाणी प्रवेशाच्या फॉर्मवर मुलांची किंवा जवळच्या नातेवाइकाची सही मागतात, आजारपणात निर्णय कोण घेणार म्हणून. कारण योग्य आहे पण ज्याला कोणीच नाही त्याने काय करायचं? मी मैत्रिणीला रीतसर पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून दिली, मेडिकल निर्णयांचं वेगळं लिहून दिलं, तरी ऑफिसला ते मान्य करायला खूप फेऱ्या माराव्या लागल्या. "नातेवाईक" ऐवजी "रहिवाशाने नेमलेली व्यक्ती" एवढं लिहिलं तरी खूप लोकांचा प्रश्न सुटेल.

प्रतिसाद १ (पुन्हा):
ताई, वार्षिक सभेत विषय मांडणार असाल तर एक जपा. सरसकट सगळं माणशी करा असं म्हणू नका. मतदान घरामागे एक असेल तर आत्ता तुमचं मत जोडप्याच्या मताइतकंच आहे, तेही माणशी झालं तर त्यांची दोन आणि तुमचं एक. फक्त दुसऱ्या कार्डाचा ठराव आणा, नवरा गेलेल्या बायका आणि बायको गेलेले पुरुष यांच्या सह्या आधी घ्या, ते नक्की देतील.