मदत हवी आहे: डाउनलोड करून मिळणाऱ्या जुन्या खेळांत कॉपी प्रोटेक्शन नेमके कशाला म्हणायचे?

नमस्कार,

डाउनलोड करून घेतलेल्या जुन्या संगणक-खेळांची मी एक तपशीलवार यादी तयार करत आहे. खेळाचे नाव, मूळ वर्ष, तो डॉसबॉक्सवर (जुन्या डॉस प्रणालीची नक्कल करणारा प्रोग्राम) चालतो की स्कमव्हीएमवर (जुने साहसी खेळ चालवणारा प्रोग्राम), इन्स्टॉलर कुठे जतन केला आहे, हे रकाने भरून झाले आहेत. मात्र ‘कॉपी प्रोटेक्शन आहे की नाही’ या रकान्यापाशी गाडी अडली आहे. विक्रेता ‘डीआरएम-मुक्त’ (वापरावर डिजिटल बंधने नसलेला) म्हणतो म्हणून सरसकट ‘नाही’ लिहून मोकळे होता आले असते, परंतु खेळ प्रत्यक्ष सुरू करून पाहिल्यावर या शब्दाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी खपून जातात असे दिसते.

दोन्ही टोकांबद्दल माझ्या मनात शंका नाही. ‘स्पोर’सारख्या २००८ सालच्या खेळात सिक्युरॉम ही संरक्षण-प्रणाली होती, सर्व्हरकडून ॲक्टिव्हेशन (चालवण्याची परवानगी) घ्यावे लागे आणि सुरुवातीला ते तीनच संगणकांपुरते मर्यादित होते, हे कॉपी प्रोटेक्शन आहे. याउलट त्याच वर्षी सुरू झालेल्या जीओजी या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावरून इन्स्टॉलर उतरवून घ्यावा, इंटरनेट नसलेल्या संगणकावर न्यावा आणि खेळावे. येथे ते नाही. अडचण मधल्या पट्ट्यात आहे.

पहिली अडचण मॅन्युअलमधून उत्तर शोधायला लावणाऱ्या खेळांची. ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ (१९९०) या खेळाबरोबर पुठ्ठ्याची दोन चकत्यांची तबकडी येत असे. पडद्यावरच्या चाच्याचा कपाळाकडचा आणि हनुवटीकडचा भाग तबकडीवर जुळवायचा आणि विचारलेल्या ठिकाणाच्या खिडकीत दिसणारे साल टंकायचे. ‘सिमसिटी’ने (१९८९) आपला उत्तरांचा तक्ता गडद लाल कागदावर छापला होता, जेणेकरून त्याची झेरॉक्स धड निघू नये. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या डॉस आवृत्तीत पहिला टप्पा पार केला की अक्षरे आणि कुप्या मांडलेली खोली लागते, मॅन्युअलच्या अमुक पानावरील, अमुक ओळीतील, अमुक शब्दाचे आद्याक्षर ज्या कुपीपाशी असेल तीच प्यावी लागते. या साऱ्याचा हेतू नक्कल रोखणे हाच होता, यात वाद नाही. मात्र डाउनलोड आवृत्तीत विक्रेता त्याच मॅन्युअलची पीडीएफ शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवतो. प्रश्न विचारला जातोच, पण किल्ली कुलुपालाच लटकवून ठेवल्यासारखी असते. अशा खेळासमोर ‘आहे’ लिहावे की ‘नाही’?

आधारासाठी मी कायद्याची व्याख्या पाहिली, तर गुंता वाढलाच. अमेरिकेच्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १२०१ नुसार, एखाद्या कृतीपर्यंत (येथे खेळापर्यंत) पोहोचण्यासाठी हक्कधारकाच्या संमतीने काही माहिती, प्रक्रिया किंवा संस्कार वापरणे ज्या उपायामुळे सर्वसाधारणपणे आवश्यक ठरते, तो उपाय प्रवेशावर परिणामकारक नियंत्रण ठेवतो. मॅन्युअलमधला शब्द हीदेखील ‘माहिती’ आहे, असा युक्तिवाद सहज करता येईल. मला कायदेशीर सल्ला नको आहे. परंतु व्याख्या एवढी रुंद केली तर माझ्या यादीतला निम्मा रकाना ‘आहे’ने भरून जाईल आणि त्याचा वाचणाऱ्याला काहीच उपयोग होणार नाही.

दुसरी अडचण याहून नाजूक आहे. ‘किंग्ज क्वेस्ट ६’मधील (१९९२) तर्काचे कडे चढायचे तर खेळाबरोबर दिलेली मार्गदर्शिका वाचावीच लागते, कारण कोड्यांची उत्तरे तिच्यात आहेत. ‘इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड’मध्ये (१९८९) खरा प्याला ओळखण्यासाठी सोबतची ग्रेल डायरी लागते. येथे पुस्तिका कथेचा भाग आहे, आणि तीच कुलूपही आहे. विकत घेणाऱ्याला ती कोडे वाटते. नक्कल करणाऱ्याला अडथळा. मला स्वतःला हे कोडेच वाटते, पण या मतासाठी आवडीपलीकडे कारण देता येत नाही.

तिसरी अडचण सीडीची. सीडीवरच्या डॉस खेळांबरोबर विक्रेते बहुधा सीडीची इमेज फाइल (सीडीची हुबेहूब प्रत) देतात आणि डॉसबॉक्सच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये शेवटी, ऑटोएक्झेक भागात, ती ‘डी’ ड्राइव्ह म्हणून जोडणारी ओळ असते. ती ओळ काढून दोन खेळ चालवून पाहिले. एकाने सीडी घालण्याची सूचना दिली आणि तो बंद झाला. दुसरा निमूटपणे सुरू झाला, फक्त संगीत गायब होते, कारण त्याचे संगीत सीडीच्या ऑडिओ ट्रॅकवर आहे. म्हणजे इमेज जोडलेली आहे एवढ्यावरून तपासणी आहे असे म्हणता येत नाही.

सध्या मी अशी कसोटी लावतो की स्थापित झालेला फोल्डर दुसऱ्या संगणकावर न्यायचा, नेटवर्क बंद ठेवायचे आणि खेळ शेवटपर्यंत जातो का हे पाहायचे. स्टीम या खेळविक्री-सेवेवर घेतलेले काही डॉस खेळही या कसोटीला उतरतात. उतरवून घेताना खात्यात प्रवेश करावा लागतो, पण नंतर डॉसबॉक्स थेट चालवला तर स्टीमच्या प्रोग्रामची (क्लायंटची) गरज पडत नाही. पीडीएफ फोल्डरसोबत न्यायची की नाही, यावर मात्र निकाल बदलतो. या विषयात ज्यांनी लक्ष घातले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

धागाकर्ते, आपली कसोटी योग्य आहे, पण आपण एका रकान्यात तीन प्रश्न कोंबत आहात असे वाटते. मूळ प्रकाशनात तपासणी होती का, या डाउनलोड आवृत्तीच्या कोडमध्ये ती अजून आहे का, आणि तिचे उत्तर आज कोणाच्या हातात आहे, हे वेगळे लिहावे. उत्तर त्याच पॅकेजमध्ये असेल तर तपासणी ‘निष्क्रिय’ म्हणावी. ते सर्व्हरकडे असेल तर ‘सक्रिय’, कारण तो सर्व्हर ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी आपली प्रत निरुपयोगी होईल. जतन करणाऱ्याच्या दृष्टीने फरक पडतो तो इथेच. म्हणून पीडीएफ सोबत न्यावी, ती पॅकेजचाच भाग आहे. ‘किंग्ज क्वेस्ट ६’समोर ‘कथेत गुंफलेली, निष्क्रिय’ असे लिहून पुढे जावे; हेतूचा निवाडा यादीने करू नये.

दुसऱ्या रकान्यासाठी विक्रेत्याच्या वर्णनावर विसंबू नका. मुद्दाम चुकीचे उत्तर द्या. खेळ तरीही पुढे गेला तर तपासणी काढलेली आहे. सेफडिस्क या डिस्क तपासणाऱ्या संरक्षणाच्या काळातल्या विंडोज खेळांबाबत काम सोपे आहे: त्यासाठी लागणारा ‘सेकड्राइव्ह’ हा ड्रायव्हर विंडोज १० चालवत नाही, आणि सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा-अद्ययावतीने तो विंडोज ७ सारख्या आधीच्या आवृत्त्यांवरही बंद केला. तेव्हा असा खेळ आज विंडोज १० वर सरळ चालत असेल, तर त्याच्या चालू फाइलमधून तपासणी काढलेलीच असणार. कोणी काढली हा प्रश्न वेगळा. २००८ मध्ये ‘रेनबो सिक्स व्हेगास २’साठी प्रकाशकाने स्वतः दिलेल्या एका दुरुस्तीत संरक्षण फोडणाऱ्या (क्रॅक करणाऱ्या) गटाचीच फाइल निघाली होती, हे आठवत असेलच.

प्रतिसाद २

थोडी भर घालतो. ‘लेझर सूट लॅरी’ (१९८७) सुरुवातीला सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारतो. ते वय ताडण्यासाठी आहेत, त्यांची नोंद या रकान्यात नको. मल्टिप्लेअरसाठी प्रत्येकाला वेगळा परवाना-क्रमांक (‘की’) लागत असेल तर तेवढ्या भागासाठी स्वतंत्र नोंद करा, अन्यथा एकट्याने खेळण्याचा भाग पूर्ण मोकळा असूनही यादीत तो अडकलेला दिसेल.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. रकाना तीन रकान्यांत विभागला आणि बहुतेक नोंदी मार्गी लागल्या. एक प्रकार उरला आहे. ‘स्टारफ्लाइट’मध्ये (१९८६) तळावरून निघताना संकेतांक चुकवला तरी खेळ लगेच थांबत नाही, जहाज अंतराळात जाते आणि नंतर पोलीस गाठून पुन्हा संकेतांक मागतात, तोही चुकला तर जहाज नष्ट करतात. म्हणजे ‘चुकीचे उत्तर देऊन खेळ पुढे गेला’ एवढ्यावर तपासणी काढली असे म्हणता येणार नाही. अशा उशिरा आवळणाऱ्या तपासण्या असलेले आणखी कोणते डॉस खेळ आपल्याला ठाऊक आहेत, आणि त्या किती वेळाने जाणवतात, हे कृपया लिहावे. म्हणजे त्यांच्यापुरती चाचणी लांबवता येईल.