मदत हवी आहे: डिझेल फिल्टर बदलल्यावर लाइनमध्ये हवा येते आहे

१.३ लिटरचं कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) डिझेल इंजिन, टाकीत पंप नाही, फिल्टरच्या आधी रबरी हातपंप. फिल्टर घरीच बदलला. डिझेलमधलं पाणी ओळखणारा सेन्सर जुन्यावरून काढून नव्याला लावला, त्याच्या ओ-रिंगला (गोल रबरी सील) डिझेल लावलं. फिल्टर मुद्दाम वरून भरला नाही, कारण न गाळलेलं डिझेल स्वच्छ बाजूला गेलं तर इंजेक्टरची वाट लागते. हातपंप कडक होईपर्यंत दाबला.

गाडी लगेच सुरू होते, अर्ध्या मिनिटात बंद पडते. थोड्या वेळाने हातपंप पुन्हा मऊ. बाहेर थेंबही गळत नाही. ही ओढीची बाजू (इथून पंप डिझेल ओढून घेतो) असल्याने डिझेल न गळताही हवा आत शिरू शकते, हे माहीत आहे.

संशय दोन ठिकाणी आहे: सेन्सरची जुनी ओ-रिंग (नवी मिळाली नव्हती) आणि क्विक कनेक्टर (नळीचा खटक्याने बसणारा जोड). फिल्टरच्या आधी आणि नंतर पारदर्शक नळी लावून बुडबुडे कुठून सुरू होतात ते बघावं, की आधी ओ-रिंगच बदलावी? हातपंपातला व्हॉल्व्ह गेला असेल तर तो वेगळा कसा ओळखायचा?

स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवत नाहीये, कारण हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं. रेलचे पाइप सैल करायला कृपया सांगू नका, तिथला दाब जीवघेणा आहे.