सैन्य उतरवा म्हणणारे लेख कसे तपासायचे?

प्रश्न: वाचनखूण
३ जून २०२० रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळावर अमेरिकी सिनेटर टॉम कॉटन यांचा लेख आला. पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतरचा हिंसाचार थांबवायला सैन्य उतरवा, असं त्यात होतं. चारच दिवसांत मतपानांचे संपादक जेम्स बेनेट यांनी राजीनामा दिला. मत पटणं-न पटणं बाजूला ठेवू. लेख नेमका कुठे चुकला? असा लेख वाचताना आधी काय बघावं?

तळटीप
आधी अवतरणचिन्हं बघा. राज्यांना अंतर्गत हिंसाचारापासून वाचवणं हे केंद्राचं घटनात्मक कर्तव्य, असं वाक्य कॉटन यांनी अवतरणात दिलं. मूळ तरतूद (अमेरिकी राज्यघटना, अनुच्छेद ४, विभाग ४) उघडली की गळलेला भाग सापडतो: राज्याच्या विधिमंडळाने, ते भरवता येत नसेल तर गव्हर्नरने, मागणी केल्यावर. ५ जूनच्या संपादकीय टिपेत टाइम्सने मान्य केलं की ते भावार्थाने लिहिलं होतं, अवतरण म्हणून छापायला नको होतं. अँटिफा या फॅसिझमविरोधी डाव्या चळवळीवरच्या आरोपांना आधार नव्हता, हेही त्याच टिपेत आहे. मथळा भडक होता आणि तो टाइम्सनेच दिला होता. मत लेखकाचं असतं, पण त्यातली तथ्यं तपासणं संपादकाचंच काम.

जुनी कात्रणं
सहमत. दुसरी पायरी: सैन्य उतरवल्याच्या प्रत्येक दाखल्यापुढे 'कोणी बोलावलं?' एवढंच लिहा. १९५७, लिटल रॉक: कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घेण्याच्या न्यायालयीन आदेशाच्या आड गव्हर्नर फॉबस स्वतःच आले, म्हणून राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सैन्याची १०१वी एअरबोर्न तुकडी पाठवली. १९९२, लॉस एंजेलिसची दंगल: गव्हर्नर विल्सन यांनीच मागणी केली. १८०७च्या कायद्यात (इन्सरेक्शन अ‍ॅक्ट, देशात सैन्य वापरण्याचा कायदा) राज्याच्या मागणीवरून आणि मागणीशिवाय, अशा दोन्ही वाटा आहेत, पण अटी वेगळ्या. हे दाखले एकाच माळेत ओवले की वाचक फसतो. कॉटन यांच्या लेखातला सर्वेक्षणातल्या ५८ टक्के पाठिंब्याचा आकडाही तसाच. तो शहरांनी सैन्य बोलावण्याबद्दल होता. राज्यांना डावलून राष्ट्राध्यक्षांनी पाठवण्याबद्दल नव्हे.

जुनी कात्रणं
एक राहिलं. १९९२चा दाखला देणारे त्याच दंगलीतल्या, लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधल्या घटनेबद्दल बोलत नाहीत. घरगुती भांडणाच्या तक्रारीवर मरीन सैनिकांसह गेलेल्या पोलिसांवर दारातून छर्रे झाडले गेले. पोलीस ओरडला, "कव्हर मी!" त्याच्या लेखी अर्थ: बंदूक रोखून सज्ज राहा. मरीन सैनिकांच्या लेखी: गोळीबार करून शत्रूला दाबून ठेवा. घरावर दोनशेहून जास्त गोळ्या झाडल्या गेल्या. आत मुलं होती; सुदैवाने कुणाला लागली नाही. दोघांनीही आपापल्या प्रशिक्षणाप्रमाणेच केलं, आणि म्हणूनच हा धोका शिस्तीच्या ग्वाहीने टळत नाही.

तळटीप
२०२५चे असे लेख वाचताना कायद्याचं नावही तपासा. जूनमध्ये लॉस एंजेलिसला नॅशनल गार्ड (राज्यांचं राखीव सैन्यदल) पाठवताना १८०७चा कायदा लावलाच नव्हता. आधार संघीय कायद्याच्या दहाव्या शीर्षकातल्या कलम १२४०६चा होता.